टोळधाड कुठे वळवायची

पहिला थवा आला त्या सकाळी वैजयंती भारंबे वाकी नदीकाठच्या पाण्याच्या टाकीवर उभी होती. पश्चिमेला आभाळाची कड तपकिरी झाली होती, लांब कुठे कुणी मोठं शेत पेटवून दिल्यासारखी. पण हा धूर विरत नव्हता. तो जवळ येत होता आणि त्याला आवाज होता, कढईत वाळू परतावी तसा, सगळीकडून एकदम येणारा.

टाकीच्या बुडाशी जीपची मागची फळी पाडून त्यावर संगणकाचे दोन पडदे मांडले होते आणि रेश्मा पावरा त्यांच्यापुढे बसली होती. जीपभोवतीच्या खोक्यांमध्ये तिने बांधलेली यंत्रं होती. बोटाएवढी, टोळासारखे पंख फडफडवणारी, वजनाला पाकळीसारखी. टोळ नियंत्रण केंद्रातले सगळे त्यांना ‘सोंगं’ म्हणत.

“सोडू का, मॅडम?” रेश्माने खालून हाक दिली.

“पुढची कड कशी आहे?”

“सैल पडायला लागलीय.”

“मग सोड.”

खोक्यांची झाकणं उघडली आणि सोंगं पाचोळ्यासारखी वर उठून थव्यात शिरली. क्षणभरातच त्यातला टोळ कोणता आणि सोंग कोणतं हे कळेनासं झालं. बराच वेळ काहीच घडलं नाही. थवा नदीकडे सरकत राहिला. नदीपलीकडे केळीच्या बागा होत्या, कोसच्या कोस, घडांनी वाकलेल्या. मग थव्याची पुढची कड थबकली, डावीकडे कलली, आणि तिच्यामागून तो अख्खा तपकिरी डोंगर उत्तरेकडे वळला. नदीपलीकडच्या बांधांवर पत्र्याचे डबे वाजवत उभी असलेली माणसं डबे वाजवायचं विसरली.

वैजयंतीने दुर्बीण खाली घेतली. जे तिने कागदावर सिद्ध केलं होतं, ते तिच्या डोक्यावरून चाललं होतं.

हे कसं होतं, ते नंतर तिला अनेकांना सांगावं लागलं. एकट्या टोळाला थव्याची काही कल्पना नसते. त्याला आपल्या शेजारचे पाच-सात टोळ दिसतात. ते जिकडे जातात तिकडे तो जातो, थोडा चुकत, थोडा भरकटत. तो कधी आणि कोणत्या बाजूला चुकेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दहा-वीस टोळांचं भाकीत करणं अशक्य. पण टोळ कोट्यवधी झाले की त्यांच्या चुका एकमेकींना खोडून टाकतात आणि मागे एक स्वच्छ समीकरण उरतं: थवा कुठे दाट आहे, कुठे विरळ, कोणत्या वेगाने चाललाय. फुग्यातल्या हवेचा एकेक कण वेडावाकडा धावत असतो, तरी फुग्यातला दाब ठरलेला असतो, तसंच हे.

त्या समीकरणात एक उंबरठा असतो. घनता त्याच्या खाली असेल तर प्रत्येक टोळ आपल्या वाटेने जातो. ती उंबरठ्यावर चढली की सगळे एकाएकी एक दिशा धरतात. कोणती दिशा, ते समीकरण सांगत नाही. एखाद्या किरकोळ धक्क्यावर ते ठरून जातं. म्हणूनच थवा उंबरठ्याजवळ आला की त्याला अगदी हलक्या हाताने ढकलता येतं. किती हलक्या, ते वैजयंतीने शोधून काढलं होतं. हजारांत एक सोंग, आणि त्या सगळ्या सोंगांनी न चुकता एकच दिशा धरायची. बाकीचे नऊशे नव्याण्णव मागे येतात, आणि त्यातल्या कुणालाही आपण कुणाच्या मागे चाललोय हे कळत नाही.

दिशा ठरवण्यासाठी केंद्राने नकाशा दिला होता. त्यावर प्रत्येक पिकाला एक रंग आणि एक किंमत होती. केळीची किंमत सगळ्यात जास्त. उत्तरेकडे सातपुड्याचा उतार होता, पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच हिरव्या रंगाचा. तिथे लिहिलं होतं: जंगल. उपविभागीय अधिकारी हिवराळे, ज्यांना तिकडे सगळे प्रांतसाहेब म्हणत, त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, “वळवल्यावर जाणार कुठे तो?” आणि वैजयंतीने नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, “जंगलात.”

*

नदीपलीकडचं पिंपळवद हे वैजयंतीचं गाव. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. वडील सोपान भारंबे, सगळ्यांचे नाना, एकटे राहत आणि नदीला लागून असलेली केळीची बाग स्वतः पाहत. वैजयंती जिल्ह्याच्या गावी कॉलेजात गणित शिकवायची, टोळ केंद्राचं काम पाहायची आणि दर रविवारी त्यांच्याकडे यायची. ती काय शिकलीय हे नानांनी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिचं लग्न झालं नाही, गणित झालं, एवढं त्यांना माहीत होतं.

थवा वळला त्याच्या पुढच्या रविवारी गावाने मारुतीच्या पारावर तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं. शेवटी कुणीतरी नानांच्या हातात माईक दिला. नाना उभे राहिले, माईककडे पाहिलं, आणि म्हणाले, “माह्या पोरीनं काय शिकलं ते मले आज समजलं.” ते खाली बसले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. वैजयंतीला वाटलं, यापुढे आयुष्यात काही मिळालं नाही तरी चालेल.

रेश्मा सत्काराला आली नव्हती. तिचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, दोनच वाक्यांचा: “थवा बोरझिऱ्यावर बसला. मला रजा हवी आहे.”

बोरझिरा हा रेश्माचा पाडा. वैजयंतीला तो ऐकून माहीत होता, नकाशावर तिने तो कधी पाहिला नव्हता. रेश्मा तिथल्या आश्रमशाळेत शिकली, मग पुण्यात अभियांत्रिकी, आणि परत आली. तिचे आईवडील वर शेती करतात हे ती बोलता बोलता म्हणाली होती. वैजयंतीने त्या वाक्याची आणि नकाशातल्या हिरव्या रंगाची सांगड घातली नव्हती.

ती दुसऱ्याच दिवशी निघाली. डांबरी रस्ता संपल्यावर गाडी सोडून चालत वर चढावं लागलं. वाटेत झाडांना पानं होती आणि तिला क्षणभर धीर आला. मग वळण संपलं आणि समोर उतारावरची शेतं दिसली. ज्वारीची ताटं तेवढी उभी होती, काठ्या रोवल्यासारखी. त्यांना पान नव्हतं, कणीस नव्हतं. मका कमरेतून कुरतडून खाली पाडला होता. जमिनीवर टोळांच्या लेंड्यांचा काळा थर होता आणि त्याचा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता.

रेश्माची आई गेंदीबाई ओट्यावर बसली होती. तिने वैजयंतीला पाणी दिलं. रेश्माचा मोठा भाऊ वेस्ता शेतातून आला, हात धुतले आणि समोर उकिडवा बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच माहिती विचारत होता.

“मॅडम, तुमच्या नकाशात आमचं शेत कोणत्या रंगाचं आहे?”

“हिरवं.”

“पिकाचं हिरवं का जंगलाचं?”

“जंगलाचं.”

“त्याची किंमत किती धरली होती?”

उत्तर दारात उभ्या असलेल्या रेश्माने दिलं. “काही नाही धरली, दादा. मीपण पाहिला होता तो नकाशा. आपलं शेत त्यावर नाही हे मला दिसलं होतं. मला वाटलं, थवा इतक्या वर चढणार नाही. सोंगं मीच सोडली.”

मग गेंदीबाई बोलली, आपल्या पावरी बोलीत नाही, मराठीत, म्हणजे वैजयंतीला कळावं म्हणून. “माझ्या आईच्या वेळी पण टोळ आले होते, बाई. तेव्हा आम्ही म्हणायचो, टोळ आले. आता माझी पोरगी सांगते, पाठवले.”

उतरताना रेश्मा सोबत आली नाही.

*

ते वर्ष वैजयंतीने एका प्रश्नावर घालवलं. वर जे झालं त्याची भरपाई मिळावी म्हणून तिने पत्रं लिहिली, पाड्यांची शेतं नकाशावर यावीत म्हणून वेस्ताला बरोबर घेऊन कचेऱ्यांत फिरली. उत्तरं सावकाश येत होती. पण पुढच्या भाद्रपदात थवा पुन्हा येणार होता. आता वारेच तसे बदलले होते. वळवायचा तर कुणाच्या तरी अंगावर वळवायचा. तिला वेगळं काहीतरी हवं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी रेश्मा केंद्रात आली आणि आपल्या टेबलापाशी बसली. “राजीनामा लिहिला होता,” ती म्हणाली. “मग विचार केला, यंत्रं मी बांधलेली. ती दुसऱ्या कुणाच्या हातात का देऊ?” पूर्वी दोघी डबा एकत्र खायच्या. आता रेश्मा आपला डबा घेऊन बाहेर पायरीवर बसायची.

होळीच्या सुमाराला वैजयंतीला वाट सापडली. सोंगांनी एकच दिशा धरायची, हे सोडून द्यायचं. उलट प्रत्येक सोंगाने आपली दिशा नाणं उडवून ठरवावी तशी निवडायची आणि सारखी बदलत राहायची. म्हणजे थव्यात गोंधळ पेरायचा. गोंधळ वाढला की तो उंबरठा वर सरकतो. थव्याची घनता तीच राहते, पण आता ती उंबरठ्याच्या खाली पडते, आणि एका दिशेने चाललेला थवा आतून सुटतो. राहतात ते नुसते टोळ, जो तो आपापल्या वाटेचा. असे सुटे टोळ पाखरं टिपतात, ऊन मारतं, आणि जे उरतात ते नाकतोड्यांसारखे गवतात निमूट राहतात.

तिने ते रेश्मासमोर फळ्यावर मांडलं. रेश्माने शेवटपर्यंत ऐकलं, मग तिच्या हातून खडू घेतला.

“हे दाट थव्यावर चालणार नाही.”

“नाही. वळवायला जेवढा विरळ लागतो त्याच्याहून फोडायला विरळ लागतो.”

“इतका विरळ कुठे होतो?”

“वाकीच्या पात्रावर. भाद्रपदातही धार एका कडेला, बाकी नुसते तापलेले गोटे, खायला काही नाही. गरम हवेवर थवा वर उचलला जातो आणि पांगतो. तेवढाच वेळ.”

रेश्माने फळ्यावर नदीची रेघ ओढली. “वळवायचं तर पात्राच्या आधी, मक्याच्या पट्ट्यावर वळवायला लागतं. पात्रावर आलेला थवा वळत नाही, त्याला पुढच्या बागा दिसतात.”

“हो. दोन्हीपैकी एकच करता येईल.”

“आणि पात्रावर फुटला नाही तर समोर पिंपळवद.”

“हो.”

“खात्री किती?”

“सिद्ध केलंय ते अगणित टोळांसाठी. खरे टोळ मोजके असतात, चार कोटी, पाच कोटी. तिथे चुका पूर्ण खोडल्या जात नाहीत. दहात सात वेळा फुटेल. तीन वेळा फुटणार नाही, किंवा अर्धवट फुटेल.”

रेश्माने खडू ठेवला. “नानांना सांगितलंत?”

*

नाना बागेत होते. घड भरू लागलेल्या एका झुकलेल्या केळीला टेकू लावत होते. वैजयंतीने काही न लपवता सगळं सांगितलं. बोरझिऱ्याचं तिने पूर्वीही सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी “वाईट झालं” म्हटलं होतं आणि ते मनापासून म्हटलं होतं.

“म्हंजे येऊ देनार,” नाना म्हणाले.

“नदीपर्यंत. नदीवर फोडणार.”

“अन् नाही फुटला?”

“तसं होऊ शकतं.”

“वळवला तर?”

“वळवला तर नक्की वळेल. पण वर माणसं आहेत, नाना. मी पाहून आलेय.”

नानांनी टेकूची दोरी गच्च ओढली आणि गाठ मारली. “कोनाच्या ताटातलं काढून मले दे, असं मी नाही म्हनत. पन एक समजून घे. तुले वळवता येतं. येत असून तू वळवनार नाही. मंग इथं जे होईल ते टोळांनी केलं असं मले नाही म्हनता येनार. ते माह्या पोरीनं केलं.”

“हो,” वैजयंती म्हणाली. “वळवलं तर तिकडे ते माझंच होतं. मागच्या वर्षी झालंच.”

“अन् दोन्हीतून तू हे निवडलं.”

“अजून थवा आलेला नाही.”

“पन तू निवडलं,” नाना म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले.

त्यानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा दाराला कडी होती. नाना बागेत असतील म्हणून ती बागेत गेली. तिथे ते होते. त्यांनी मान वर केली नाही. ती थोडा वेळ बांधावर उभी राहिली आणि परत गेली.

*

थवा पोळ्यानंतर आला, मागच्यापेक्षा मोठा. पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन कडक पडलं होतं. वैजयंती पुन्हा त्याच टाकीवर उभी होती. खाली रेश्मा, पडदे, खोकी. नदीच्या पलीकडच्या काठावर पिंपळवदची माणसं डबे, थाळ्या, ढोल घेऊन जमली होती. दुर्बिणीतून चेहरे ओळखता येत होते. नाना आपल्या बागेच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

प्रांतसाहेबांचा फोन आला. “मॅडम, काय ठरवलंत?”

“फोडणार, सर.”

“पाड्यांची नोंद झाली नकाशावर?”

“अर्ज केलेत. अजून नाही.”

“माझ्यासमोर नकाशा आहे, त्याच्यावरून मी वळवा असंच म्हणेन. पण मैदानावरचा निर्णय नियमाने तुमचा आहे. उद्या मला विचारतील, तेव्हा मी हेच सांगणार.”

“तेच सांगा, सर.”

थवा मक्याच्या पट्ट्यावर आला. तपकिरी सावली शेतांवरून पुढे पुढे सरकत होती आणि तिच्यात ऊन मळकट झालं होतं.

“मॅडम,” रेश्मा खालून म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “वळवायचं असेल तर आत्ता. याच्यानंतर नाही.”

वैजयंतीने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. दुर्बिणीशिवाय नाना म्हणजे एक पांढरा ठिपका होते, आणि तरी त्यांची उभं राहण्याची पद्धत तिला ओळखू येत होती, एका पायावर भार देऊन, कमरेवर हात ठेवून. एक शब्द उच्चारला असता तर तो ठिपका संध्याकाळी हसत घरी गेला असता.

“नको,” ती म्हणाली.

रेश्माने वर पाहिलं आणि पुन्हा पडद्यांकडे वळली.

थवा पात्रावर आला. गोट्यांवरून उठणारी गरम हवा त्याला लागली आणि तो फुगल्यासारखा वर चढू लागला. त्यातून पलीकडचं आभाळ दिसू लागलं. “आता,” वैजयंती म्हणाली, पण त्याआधीच रेश्माने झाकणं उघडली होती.

सोंगं आत शिरली आणि दिसेनाशी झाली. थवा पुढे सरकत राहिला. पात्राचा निम्मा भाग ओलांडला. पलीकडे ढोल वाजायला लागले. मग तो कढईतल्या वाळूचा आवाज बदलला. तो एकसारखा राहिला नाही. त्यात खंड पडू लागले. थव्याच्या पोटात एक भोक पडलं, मग दुसरं. त्याची एक बाजू मागे फिरली, दुसरी खाली बसली, मधली वर उठून कुठेच गेली नाही. टोळ एकमेकांना आपटत होते. जो थवा मैलोन्मैल एका मनाने आला होता, त्याचे तिच्या डोळ्यांसमोर कोट्यवधी गोंधळलेले किडे झाले आणि ते पावसासारखे गोट्यांवर पडू लागले.

“फुटला,” रेश्मा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती.

पण सगळा फुटला नव्हता. थव्याच्या दक्षिण टोकाला एक दाट गाठ राहून गेली. तिथे सोंगं कमी पडली असतील, किंवा योगायोगाने तिथल्या टोळांच्या चुका एकमेकींना खोडत राहिल्या असतील. ती गाठ सुटली नाही. ती एका दिशेने, पूर्वेकडे, ढोलांवरून, डब्यांवरून पलीकडे गेली आणि नदीला लागून असलेल्या बागांच्या पट्ट्यावर उतरली. त्या पट्ट्यात सात-आठ बागा होत्या. नानांची त्यातली मधली होती.

*

ती तिथे पोचली तेव्हा दुपार कलली होती. केळीची पानं खाल्ली गेली की मधल्या शिरा तेवढ्या उरतात. बाग म्हणजे नुसते दांडे होते आणि त्यांना लटकलेले घड, जे आता भरणार नव्हते. माणसं बांधावर बसली होती. तिला पाहून कुणी उठलं नाही.

शेजारच्या बागेचे दगडू झोपे म्हणाले, “यंत्र बिघडलं म्हणतात. वारा फिरला म्हणे.”

कुणी तसं पसरवलं असेल तर ते तिच्या भल्यासाठीच असेल. तिला नुसती मान हलवता आली असती.

“यंत्र बिघडलं नाही, काका,” ती म्हणाली. “मला सकाळी थवा वळवता आला असता. वळवला असता तर तो वरच्या पाड्यांवर गेला असता. मी वळवला नाही. असं काही होऊ शकतं हे मला माहीत होतं.”

झोपे उठले, धोतर झटकलं, आणि तिच्या अंगावरून निघून गेले. त्यांच्यामागे बाकीचेही एकेक करून गेले.

नाना राहिले. त्यांच्या हातात कोयता होता.

“वरच्यांचं वाचलं का?” त्यांनी विचारलं.

“वाचलं.”

त्यांनी समोरच्या केळीचं खोड जमिनीलगत एका घावात तोडलं. बुडातून नवे कोंब, पिलं, यायची असतील तर जुनं खोड काढावंच लागतं. “आज तू जाय,” ते म्हणाले. “आज मले तुह्याकडं पाहवत नाही.”

ती नदीच्या पात्रात उतरली. रेश्मा तिथे गोट्यांमधून सोंगं वेचून पिशवीत टाकत होती. सगळीकडे टोळ होते, पण ते नुसते बसले होते किंवा उगाच इकडेतिकडे चालत होते. भोरडी पाखरांचे थवे कुठून कुठून येऊन त्यांच्यावर तुटून पडले होते. वैजयंती वाकली आणि सोंगं वेचू लागली. खूप वेळाने रेश्माने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. वैजयंती प्याली. तिला रडू येत होतं आणि रेश्माला ते दिसत होतं. रेश्मा तिथून हलली नाही.

*

त्या हिवाळ्यात बोरझिऱ्याला ज्वारी खळ्यावर आली. वेस्ताने वरच्या सगळ्या पाड्यांच्या शेतांच्या हद्दी चालत जाऊन नोंदवल्या आणि अखेर त्या नकाशावर चढल्या. पिंपळवदला नव्या पिलांनी मान वर काढली, पण एक हंगाम गेला तो गेला. झोप्यांच्या घरचं कुणी वैजयंतीशी बोलत नव्हतं. ती दर रविवारी नानांकडे जायची. आता दार उघडं असायचं, चहा ठेवलेला असायचा, आणि नाना कामापुरतंच बोलायचे.

फाल्गुनात बाजार समितीच्या सभागृहात तालुक्याची सभा भरली. बागायतदारांनी ठराव आणला होता: भारंबे मॅडमना बदलावं आणि थवा वळवणारा तज्ज्ञ नेमावा. वैजयंती मागच्या ओळीत बसली होती, शेजारी रेश्मा आणि वेस्ता. भाषणं लांबली. कुणी तिला वाईट बोललं नाही. ते फक्त म्हणत होते की आमचा माणूस आमच्यासाठी असावा.

मग नाना उठले. मध्यभागी, माईक न मागता.

“माही बाग गेली,” ते म्हणाले. “म्हनून मले बोलायचा हक्क आहे. तुम्ही वळवनारा मानूस आना म्हनता. आना. तो आपल्यासाठी वर वळवील. पन उद्या वरच्या अंगाले आपल्यापेक्षा वजनदार मानूस निघाला, त्यानं त्याच तज्ज्ञाले फोन केला, मंग? तो इकडं वळवील. मागं टोळ आले तर आपन देवाले बोलत होतो. आता दर वर्षी आपन एकमेकाच्या दारात हे टाकत बसू. पोरीनं बाग खाल्ली माही, मी तिले माफ केलं असं नाही. पन वळवायचं यंत्र कोनाच्याच हातात नसावं, माह्या पोरीच्याबी नाही. फोडायचं तेवढं शिका.”

ते खाली बसले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी ठराव पुढच्या सभेत घेऊ म्हणून सांगितलं. झोपे काहीतरी पुटपुटत निघून गेले.

वैजयंती बाहेर आली तेव्हा नाना आपल्या स्कूटरपाशी उभे होते. त्यांनी तिला पाहिलं आणि लगेच म्हणाले, “तुह्यासाठी नाही बोललो. मले भेव वाटते ते बोललो.”

“माहीत आहे, नाना.”

ते स्कूटरच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. “मले एक सांग. दहात तीन म्हने तू. ते मी घोकतो रोज. तीनात माहीच बाग का आली?”

“ते गणित सांगत नाही. किती बागा जातील याचा अंदाज देतं. कोणाच्या, ते नाही.”

“मंग ते कोन सांगतं?”

वैजयंतीने खूप विचार केला. तिला त्यांना खोटं काही द्यायचं नव्हतं.

“कोणीच नाही,” ती म्हणाली.

नानांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने ते स्कूटरवर बसले आणि मागे जागा राहील असे पुढे सरकले.

“बस,” ते म्हणाले. “ऊन उतरायच्या आत पोचू.”